अर्धा कोयता

गेल्या दिवाळीत चार दिवस गावी होतो. चार म्हणजे सुट्टीच्या अर्जावर चार. त्यातले दोन दिवस माळवदावर लॅपटॉप घेऊन बसलो, कारण खाली रेंज येत नाही आणि अमेरिकेत दिवाळी नसते. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या कडेला. दिवाळी झाली की इथली निम्मी गल्ली रिकामी होते. ट्रक येतात, भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या, पोरं असं सगळं त्यात चढतं आणि लोक ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. ते थेट कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येतात.

शेजारच्या आबांची टोळी त्याच आठवड्यात निघायची होती. मी माळवदावर हेडफोन लावून बसलेला बघून त्यांनी खालून विचारलं,

"काय रं बाबू, सणाचंबी काम काढलं का कंपनीनं?"

"हो आबा, जरा अर्जंट आहे."

"न्हाई केलं तर खाडा पडतो का?"

खाडा म्हणजे काय ते पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. ऊसतोडीत एक दिवस कामावर गेलं नाही की नुसती मजुरी बुडत नाही, वर दंड बसतो. तो खाडा. मी म्हटलं, खाडा असा नाही, पण अप्रेझलमध्ये दिसतं. मग ते वर आले, शेजारी बसले आणि त्यांनी माझा रीतसर इंटरव्ह्यूच घेतला. गेल्या सात वर्षांत इतका नेमका इंटरव्ह्यू मला कुठल्या कंपनीने घेतलेला नाही.

"उचल भेटती का?"

मी जॉइनिंग बोनसबद्दल सांगितलं. सुरुवातीला देतात, पण वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करावा लागतो.

"म्हंजे उचलच की. अन् मधीच सोडायचं म्हनलं तर?"

तीन महिन्यांचा नोटीस पीरियड सांगितला.

"पट्टा पडोस्तर आमालाबी सोडता येत न्हाई. बरं, भाव कोन ठरवतंय?"

"कंपनी."

"अन् तुमी?"

"आम्हाला मेल येतो."

यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचा भाव ठरोस्तर आमी कोयता लावत न्हाई."

ही नुसती फुशारकी नाही बरं का. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीन वर्षांसाठी. त्याआधी संघटनांनी कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिला होता, वाटाघाटी फिसकटल्या होत्या, लवाद बसला होता. ज्या माणसांना आपण अडाणी, असंघटित, बिचारे वगैरे म्हणतो, त्यांनी टेबलाच्या पलीकडे बसून भाव केला. त्याच वर्षी आमच्या पूर्ण टीमला, सगळ्या बीई-एमसीए मंडळींना, एका सकाळी मेल आला. मला ६ टक्के. खाली एक वाक्य होतं, ही माहिती गोपनीय आहे, सहकाऱ्यांशी चर्चा करू नये. आम्ही ते वाक्य आज्ञाधारकपणे पाळलं. एकमेकांचे आकडे माहीत नसलेले वीस शहाणे लोक कॅन्टीनमध्ये बसून चहा प्यायले आणि हवामानावर बोलले.

आता कोणीतरी लगेच म्हणेल की ऊसतोड कामगाराशी स्वतःची तुलना करायला लाज वाटत नाही का? वाटते. पालात राहणं, पहाटे थंडीत फडात उतरणं, गरोदर बाईने मोळ्या वाहणं आणि एसीत बसून कीबोर्ड बडवणं यांत कष्टाची तुलना होऊच शकत नाही. माझ्या दोन महिन्यांच्या पगारात आबांच्या घरचा अख्खा हंगाम बसतो. मी कष्टांची तुलना करतच नाहीये. मी सौद्याची तुलना करतोय. सौदा कोणी केला, कसा केला, आणि मोडायचा अधिकार कोणाकडे आहे, एवढंच. त्या बाबतीत आबा माझ्यापेक्षा पुढे आहेत आणि हे मला माळवदावर बसून, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं.

अजून एक गंमत. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम विचारतो, टोळीत किती कोयते? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे भयंकर वाटतं, की माणसाला अवजाराच्या नावाने मोजतात! मग आपल्याकडे काय करतात? "या प्रोजेक्टला किती रिसोर्स लागतील?" "दीड." हा दीड ऐकून आजपर्यंत कोणालाही काही वाटलेलं मी पाहिलं नाही. मी स्वतः एका वर्षी तीन प्रोजेक्टवर अर्धा-अर्धा होतो. तीन मॅनेजरांचा अर्धा कोयता. बेरीज दीड होते हे एक्सेलला कळत होतं, मॅनेजरांना नव्हतं.

आणि आता टाइमशीटकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

माझ्या कंपनीच्या (नाव सांगत नाही, सगळीकडे थोडंफार हेच आहे) टाइमशीटमध्ये दिवसाला ९ च्या वरचा आकडा टाकला की रकाना लाल होतो आणि शीट सबमिट होत नाही. म्हणून रिलीजच्या आठवड्यात सकाळी दहाला बसून रात्री एकला उठलेला माणूसही ९ टाकतो. रकाना हिरवा होतो. शनिवार-रविवारी काम केलं तर ते टाकायची सोयच नाही. शुक्रवारी संध्याकाळी आठवण येते, "कृपया टाइमशीट भरा." आम्ही भरतो. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लॉगिनने, स्वतःविरुद्धचा खोटा पुरावा भरतो.

९ हाच आकडा का, हा प्रश्न मला सहा वर्षं पडला नाही. मग एका रात्री डिप्लॉयमेंट अडकलेलं असताना वेळ जात नव्हता म्हणून कायदा वाचला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास. त्यावर काम करून घेतलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी ९ चे १० तास करायला आणि तीन महिन्यांतली ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. त्यावर बरीच ओरड झाली. मला मात्र हसू आलं. आपण ज्या मर्यादेत कधी काम केलंच नाही, ती एक तासाने वाढली म्हणून कसलं दुःख करायचं? आणि दुप्पट दराचा ओव्हरटाइम? माझ्या ओळखीच्या एकाही इंजिनियरला तो कधी मिळालेला नाही. पिझ्झा मात्र मिळतो.

"पण आपल्याला हे लागू होतं का?" हा प्रश्न मी ज्याच्याशी बोललो त्या प्रत्येकाने विचारला. आणि विचारतानाचा सूर असा, की लागू होत नसेल तर बरं! कारण लागू झालं तर आपण कामगार ठरू ना. लग्नाच्या बायोडेटात "सॉफ्टवेअर कामगार, हिंजवडी" कसं लिहिणार?

कायद्याची भाषा तितकी लाजरी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत "तांत्रिक" काम करणारा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही तांत्रिक काम आहेच. वगळलेले आहेत ते व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि ठरावीक पगारावरचे पर्यवेक्षक. पदाचं नाव काय आहे ते न बघता प्रत्यक्ष काम काय आहे ते बघायचं, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलेलं आहे. आता आपल्याकडची पदं बघा. तिसऱ्या वर्षी "सीनियर", पाचव्या वर्षी "लीड", सातव्या वर्षी "असिस्टंट मॅनेजर". हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर कोडच लिहायचा. पण व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर. आपण ते कार्ड आईला नेऊन दाखवतो. आई ते देवाजवळ ठेवते.

मोठ्या लोकांना आपल्याकडून अजून हवंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची ९० तासांची आणि रविवारीही काम करण्याची इच्छा बाहेर आली. पाच दिवसांच्या आठवड्यात ७० तास म्हणजे रोज १४. हिंजवडीला जाण्यायेण्याचे दोन-तीन तास त्यात धरलेले नाहीत. राष्ट्रउभारणीसाठी म्हणे. राष्ट्र उभारायला आमची ना नाही, पण त्या जादा तासांचं बिल डॉलरमध्ये ग्राहकाला जातं आणि आमच्याकडे त्यातलं "वेल डन टीम" येतं, तेव्हा हे राष्ट्र नक्की कोणाचं असा प्रश्न पडतो.

रविवार काही कोणी प्रेमाने दिलेला नाही हो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० ला कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४६ मध्ये कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आपण ज्याला विकांत म्हणतो आणि ज्याच्यात हा लेख मी लिहितोय, तो गिरणी कामगारांनी कमावलेला आहे. ते शिकलेले नव्हते. पण आपण कोण आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं.

न माहीत असल्याची किंमत काय असते? पुण्यात ईवायमध्ये काम करणारी २६ वर्षांची एक सीए नोकरीला लागून चारच महिने झाले असताना जुलै २०२४ मध्ये गेली. तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळ्या देशाने वाचलं. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. पण कामगार खात्याचे अधिकारी ऑफिसात गेले तेव्हा एक वेगळीच गोष्ट सापडली. ते ऑफिस २००७ पासून चालू होतं आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणीच नव्हती, फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा अर्ज केलेला होता. आमच्या गंगाखेडला चपलांचं दुकान टाकणाऱ्याला नोंदणीसाठी हेलपाटे घालायला लावतात. इथे एवढं मोठं ऑफिस सतरा वर्षं कागदावर नाही आणि कोणी विचारलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं नाही हे खरंच, पण आत बसलेल्या शेकडो उच्चशिक्षितांपैकीही कोणाला विचारावंसं वाटलं नाही, कारण तो दुकानवाल्यांचा कायदा, आपला कुठे!

फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमधून ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाले म्हणून घरी पाठवलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी २०२२ च्या ऑफर लेटरवर दोन-दोन वर्षं वाट पाहिली होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे साधारण १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने जबरदस्तीने राजीनामे घेतल्याचे आरोप केले, कंपनीने ते नाकारले. खरंखोटं मला बाहेरून सांगता येणार नाही. पण राजीनामा कसा घेतात ते मला आतून माहीत आहे, माझ्या स्वतःच्या कंपनीतलं. आणि हे लिहायचं म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतला, इतका वेळ इकडेतिकडे फिरत होतो.

मी दोन वर्षांपासून टीम लीड आहे. सात जणांची टीम. गेल्या वर्षीच्या अप्रेझलला मला सांगितलं गेलं की बेल कर्व्हमध्ये सातांतला एक जण शेवटच्या खान्यात बसवावाच लागेल. मी म्हटलं, सातही जण चांगलं काम करतात. उत्तर आलं, मग तुझं नाव टाकू का? हसत हसतच म्हणाले. मी एक नाव टाकलं. आमच्याच परभणी जिल्ह्यातला मुलगा. काम चोख. दोष एकच, संध्याकाळी सातला उठून घरी जायचा आणि शनिवारी फोन उचलायचा नाही. म्हणजे कायद्यात लिहिलंय तेवढं काम करायचा. मी शेऱ्यात लिहिलं, "ओनरशिप कमी पडते."

सहा महिन्यांनी वरून यादी आली. शेवटच्या खान्यातली नावं त्या यादीत होती. त्याला एका मीटिंग रूममध्ये बोलावलं, एचआरच्या दोघी होत्या, आणि सांगितलं की अर्ध्या तासात राजीनामा टाईप केला तर तीन महिन्यांचा पगार आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर, नाहीतर टर्मिनेशन आणि पुढे कुठे नोकरी मिळणं अवघड. त्याने टाईप केलं. पोर्टलवर कारणाचा रकाना असतो, त्यात "वैयक्तिक कारण" निवडलं. म्हणजे कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्याला कोणी काढलेलंच नाही. त्याचाही रकाना हिरवा झाला. सध्या तो गावी आहे. वडील सगळ्यांना सांगतात, पोराला वर्क फ्रॉम होम दिलंय.

इथे कंपनीला शिव्या देणं सोपं आहे, वरच्या दहा परिच्छेदांत मी तेच केलं. पण आबांच्या भाषेत विचारलं की टोळीत तू कोण, तर खरं उत्तर अर्धा कोयता असं नाही. मुकादम मी होतो. खाडा मी मांडला. मालकाला मुकादम लागतो, कारण मालक कधी फडात येत नाही. आणि आयटीत मुकादम बनवायला फार खर्च येत नाही, एक "लीड" शब्द आणि दोन टक्के जास्त वाढ पुरते.

"एवढं आहे तर सोड ना नोकरी." हा सल्ला नेहमी येतो. नोकरी सोडून मी कुठे जाणार? दुसऱ्या कंपनीत, तिथेही रकाना ९ लाच लाल होणार. आणि माझ्या जागी गंगाखेड, जिंतूर, सेलूहून दुसरा कोणी येणार, साडेतीन लाखांच्या आसपास. दहा-पंधरा वर्षांपूर्वी फ्रेशरला सव्वातीन मिळायचे. एवढ्या वर्षांत हिंजवडीतलं भाडं किती वाढलं ते ज्याचं त्याने आठवावं. भाव कोणी करायलाच बसलं नाही, तर तो वाढणार कुठून?

कायदा येईल आणि वाचवेल असंही नाही. ऑफिसच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळेंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलेलं आहे, २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. हिंजवडी त्यांच्याच मतदारसंघात येते. पण आपल्या संसदेत खासगी विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये. तेव्हा त्याची वाट बघत बसू नये. आहे त्या कायद्याचीच धूळ झटकली तरी पुष्कळ आहे.

म्हणून मी काय करायचं ठरवलंय ते लिहितो. उपदेश नाही, पटलं तर बघा.

एक, टाइमशीटमध्ये रकाना काहीही म्हणो, खरे तास मी एका साध्या वहीत तारखेसकट लिहितोय. जानेवारीपासून चालू आहे. दोन, माझा पगार मी माझ्या टीमला सांगितला. पहिले दोन दिवस सगळे अवघडले, तिसऱ्या दिवशी एकीने तिचा सांगितला आणि मग सगळ्यांनी. माझ्याइतकंच काम करणाऱ्या दोघींना माझ्यापेक्षा बराच कमी पगार आहे हे मला त्या दिवशी कळलं. तीन, टीममधल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय की अशा खोलीत बोलावलं तर तिथे काहीही टाईप करायचं नाही. काढायचंय तर कंपनीने लेखी काढावं, कारणासकट. घरी जाऊन विचार करतो म्हणायचं आणि उठायचं. चार, संघटनेचा फॉर्म भरला. फॉर्ममध्ये "व्यवसाय" असा रकाना होता. तिथे मी सवयीने "सॉफ्टवेअर इंजिनियर" लिहिलं, मग खोडून "कामगार" लिहिलं. हात जरा अडखळला हे कबूल करतो.

आणि पाचवं. येत्या अप्रेझलला शेवटच्या खान्यात मी नाव टाकणार नाही. "मग तुझं टाकू का" असं विचारलं तर हो म्हणणार आहे. हे लिहून ठेवतोय, म्हणजे त्या वेळी शब्द फिरवायला जागा राहणार नाही. मला घराचा हप्ता आहे आणि भीती वाटते, हेही लिहून ठेवतो.

त्या मुलाला परवा फोन केला होता. शेवटचं नाव कोणी टाकलं ते त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माहीत होतं." मी माफी मागितली. त्याने दुसरीकडे कुठे ओपनिंग असेल तर कळव म्हणून सांगितलं आणि ठेवला. तुमच्याकडे जावात चार वर्षांचा अनुभव असलेल्या, संध्याकाळी सातला घरी जाणाऱ्या माणसासाठी जागा असेल तर सांगा.